साजगावच्या जत्रेतला गोली

पदूला भिसेगावात कुणी वाईट म्हणत नसे. वाईट म्हणायला माणूस आधी जागेवर सापडावा लागतो, आणि पदू देहानं समोर असला तरी मनानं कुठल्या गावी असेल याचा भरवसा नव्हता. साजगावच्या एका कारखान्यात पाळी करून तो खोपोलीहून कर्जतच्या गाडीत बसायचा, खिडकीतून डोंगर बघायचा, आणि एकदा तर कर्जतला उतरायचंच विसरला. गाडीनं तोंड फिरवलं आणि पदूला घेऊन परत खोपोलीला गेली. तिथे तिकीट तपासनिसानं विचारलं, "कुठे निघालास?" तर पदू म्हणाला, "घरीच निघालोय." ही गोष्ट गावाला कितीतरी दिवस पुरली. लग्नाच्या बाजारात मात्र ती पदूला महागात पडली. दोन स्थळं आली, चहा पिऊन गेली आणि 'कळवतो' म्हणाली. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळतं.

पदूला त्याचं फारसं दुःख झालं नाही, कारण त्याला वर्षभर पुरेल एवढा विचार करायला दुसरं काहीतरी होतं. कार्तिकी एकादशीपासून साजगावला विठोबाची जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांची वर्षाची सुकी मासळी या जत्रेतूनच घरी जाते, त्यामुळे देवळाच्या पायथ्यापासून बोंबलांचा वास सुरू होतो आणि त्याची कुणाला हरकत नसते. पदू मात्र बोंबलांसाठी जायचा नाही. तो जायचा कमळ्याच्या पालासाठी. कमळ्या म्हणजे मुंबईकडून येणारा, अंगानं जाडजूड आणि बोलण्यात उतावळा असा गृहस्थ. लाकडी पेटीत बसवलेला टीव्ही गेम तो टेंपोत घालून आणायचा, मागे जनरेटर लावायचा, आणि दरवर्षी त्या पेटीतला फुटबॉलचा खेळ नवा असायचा. "यंदाचा माल बघा, यंदाचा माल," असं तो मासळीवाल्यांच्याच सुरात ओरडायचा.

पहिल्या वर्षी पडद्यावर नुसता काळोख होता आणि त्यात पांढऱ्या दोन काड्या. मधून एक ठिपका टकटक करत फिरायचा. हा फुटबॉल, असं कमळ्यानं सांगितलं. बाकीचे हसले, पदूनं मात्र ते लगेच मानलं. त्याला काड्यांमधली माणसं दिसायला वेळ लागला नाही. पुढल्या वर्षी काड्यांना पाय फुटले. त्याच्या पुढल्या वर्षी रंग आले, पण मैदान निळं होतं आणि सगळे तळ्यात खेळताहेत असं वाटायचं. पदूला तेही आवडलं होतं. त्या तळ्यातल्या माणसांचे पाय रात्री गार पडत असतील का, असं त्यानं आईला विचारलंही होतं. सोनुबाईनं पोराकडे नुसतं बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात मात्र पदूच्या डोक्यात टीव्ही गेमपेक्षा वेगळं काहीतरी शिरलं. पळसदरीच्या पलीकडे त्याच्या मावशीचं गाव आहे. तिथे तो लावणीला गेला होता. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. बायामाणसं ओळीनं उभी राहतात, प्रत्येकाला आपली पात मिळते, आणि रोपं खोवत खोवत सगळी एकदम मागे सरकतात. पदूनं थोडी लावली, मग पाण्यात त्याला ढग दिसले. पायाखालून ढग चाललेत म्हटल्यावर हा हातात रोपांची मूठ घेऊन बघतच राहिला. सगळी ओळ सरकत निघून गेली. त्याच्या डावीकडे एक मुलगी होती, तिनं एकदा वळून बघितलं, आणि याच्या पातीत आपली रोपं खोवायला लागली. पदू भानावर येऊन बघतो तर त्याची पात सगळ्यांच्या बरोबरीला आलेली.

"मूठ द्या हिकडं, सपली माजी," एवढंच ती म्हणाली. तिचं नाव मैना. त्याच गावच्या गोमाची मुलगी.

पदू घरी आला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आईकडे काहीतरी मागितलं. "आये, ती गोमाची मैना. तिच्यासाठी बघ ना." सोनुबाईच्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं. हा पोरगा स्वतःहून काही मागेल ही आशा तिनं केव्हाच सोडली होती. मग निरोप गेले, निरोप आले. गोमानं गाडीची गोष्ट ऐकलेली होती, त्यामुळे तो घरी यायला तयार नव्हता. घरी येऊन चहा पिऊन नाही म्हणायचं म्हणजे दोन्हीकडे तोंड कडू. त्यापेक्षा जत्रेत लांबून पोरगा नजरेखालून घालू, बरा वाटला तर पुढचं बोलू, असं ठरलं. आमच्याकडे साजगावच्या जत्रेत अशी किती लग्नं मासळीच्या पाट्यांआडून ठरली असतील, सांगता येत नाही.

खूण ठरली पिवळ्या टॉवेलाची. पदूनं खांद्यावर नवा पिवळा टॉवेल टाकायचा आणि दुपारी घोंगडीवाल्यांपाशी उभं राहायचं.

"दुसरं काय करू नको," सोनुबाईनं निघताना त्याला बजावलं. "नुस्ता उभा ऱ्हा. आन त्या टीव्हीच्या पालाकडं फिरकू नको रं, बाबा."

"नाय फिरकत," पदू म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं होतं.

तो घोंगडीवाल्यांपाशी उभा राहिलाही. पण कमळ्यानं यंदा पाल नेमकं त्यांच्या पलीकडेच लावलेलं. पदूनं पाठ केली. पाठीमागून आवाज आला. नेहमीची टकटक नव्हती ती. लांबून, पुष्कळ माणसं एकदम श्वास सोडतात तसा आवाज होता. पदूला वाटलं, एकदा वळून बघायला काय हरकत आहे. आणि तो वळला.

पडद्यावर हिरवं मैदान होतं.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. कार्तिकात आमच्याकडे हिरवं काही उरत नाही. भात कापलेलं असतं, खाचरांत नुसती बोटभर खुंटं, बांध भेगाळलेले, आणि सगळीकडे पेंढ्याचा पिवळा रंग. अशा दिवसात पदूला त्या पेटीत लावणीनंतरच्या पंधरवड्याचा हिरवा रंग दिसला. एक पट्टा गडद, एक पट्टा फिकट, वारा फिरून गेल्यासारखा. आणि एकही बांध नाही. एवढं मोठं खाचर, आणि कुणी कुणापासून तोडलेलं नाही. माणसांना यंदा केस होते. अर्ध्यांचे सदरे लाल, अर्ध्यांचे पांढरे. धावताना त्यांचे पाय खरोखर एकापुढे एक पडत होते. बॉल वर उडाला की त्याची सावली खाली गवतावर राहायची आणि बॉलच्या येण्याची वाट बघायची. पदू त्या सावलीच्या मागे मागे डोळे फिरवू लागला. कडेला माणसांची गर्दी होती, ठिपक्याठिपक्यांची, पण ती हलत होती, आणि मघाचा श्वास तिचाच होता.

"यंदाचा माल कसा हाय?" कमळ्यानं विचारलं.

"ऊन पडलंय त्यात," पदू म्हणाला.

ऊन खरोखरच पडलं होतं, पण ते बाहेरचं, काचेवर. मैदानाचा एक कोपरा त्यामुळे दिसत नव्हता. पदूनं खांद्यावरचा टॉवेल काढला, पेटीच्या वरच्या फळीवर पसरला, त्याचं टोक पुढे ओढून आडोसा केला आणि डोकं आत घातलं. आता सगळं मैदान दिसू लागलं. आपण टॉवेल कशासाठी आणला होता हे त्याच्या डोक्यातून साफ गेलं. तो त्या गवतातून अनवाणी चालत होता. पायाला चिखल नव्हता, खेकड्याचं बीळ नव्हतं, आणि सावली त्याच्याबरोबर चालत होती.

"एकट्यानं नाय चालायचं," कमळ्या म्हणाला. "दोन दांड्या हायेत. जोडीदार आण. मला गिऱ्हाइकं हायेत."

पालाच्या तोंडाशी बाकड्यावर एक म्हातारी टेकली होती. सुकटीची पाटी पायाशी, चप्पल काढलेली, आणि ती तळपाय चोळत बसलेली. पदूनं तिच्याकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतंच.

"मावशी, येता का?"

"काय करायचं त्यात?" ती म्हणाली.

"ही दांडी हलवायची. पांढरे सदरेवाले तुमचे. बॉल तिकडच्या जाळीत घालायचा."

"आन हे बटण?"

"त्यानं लाथ बसते."

म्हातारीनं दांडी धरून बघितली, बटण दाबून बघितलं, पडद्यावर पांढऱ्या सदऱ्याच्या माणसानं हवेत लाथ मारली. ती हसली. तिचं हसू बघून पदूला बरं वाटलं. फार दिवसांनी हसली असावी असं ते होतं.

खेळ सुरू झाला. म्हातारी दांडी अशी फिरवत होती की ताकच घुसळतेय. तिचे पांढरे सदरेवाले गोल गोल धावत होते आणि कुणी तरी मधेच बॉलला लाथ मारत होतं. पदूला हे सोपं जायला हवं होतं. पण पदू भलत्याच कामाला लागला होता. ज्याच्या पायाशी बॉल, तोच माणूस तेवढा चमकायचा आणि दांडीचं ऐकायचा. बाकीचे उगाच इकडेतिकडे करायचे. हे पदूच्या लक्षात आलं आणि त्याचा जीव अस्वस्थ झाला. एकानंच पळायचं आणि बाकीच्यांनी उभं राहायचं, ही कसली रीत? सावडीच्या ओळीत मागे कुणाला ठेवत नाहीत. म्हणून तो एकेकाला बॉल देत चालला. कोपऱ्यातल्याला दिला, तो दोन पावलं चालला, मग दुसऱ्याला. समोर जाळी मोकळी पडली तरी पदूनं बॉल वळवला, कारण डावीकडच्या एका केसाळ माणसाला अजून मिळाला नव्हता.

"गोल कर की रं," मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा जरा," पदू म्हणाला.

त्याच वेळी घोंगड्यांच्या रांगेतून गोमा येत होता, आणि त्याच्या मागे मैना. गोमाला दोन गोष्टी सापडत नव्हत्या. एक पिवळा टॉवेल, आणि दुसरी त्याची मोठी बहीण येसूबाई, पाय दुखतात म्हणून पुढे येऊन कुठेतरी टेकलेली. दोन्ही त्याला एकाच जागी सापडल्या. टॉवेल पेटीवर होता, टॉवेलाखाली एक पाठमोरा पोरगा होता, आणि त्याच्या शेजारी येसूबाई कमरेला पदर खोचून दांडी घुसळत होती.

पदूला यातलं काही दिसलं नाही. त्याचे सगळे एकेकदा झाले होते. राहिला होता फक्त जाळी राखणारा गोली. लाल सदऱ्याचा गोली आपल्या जाळीपुढे एकटा उभा होता, इतक्या वेळात कुणी त्याच्याकडे फिरकलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ संपत आलेलं. पदूनं मैदानाच्या मध्यातून बॉल मागे फिरवला आणि अगदी प्रेमानं, सावकाश, गोलीकडे सोडला. पण गोली त्याच वेळी एक पाऊल बाजूला सरकला. बॉल त्याच्या शेजारून गेला. सावली पुढे, बॉल मागे, दोघं जाळीत शिरले. घंटा वाजली. ठिपक्यांच्या गर्दीनं हात वर केले. गोल कुणी कुणावर केला याचं त्यांना काही नव्हतं.

येसूबाई जिंकली होती, आणि काय झालं ते तिला कळलं नव्हतं. गोमाला मात्र कळलं.

"सोताच्याच घरात घातला," तो म्हणाला.

पदूनं वळून बघितलं. गोमा होता. गोमाच्या मागे मैना होती. मग त्याला टॉवेल आठवला. त्यानं खांद्यावर हात फिरवला, खांदा रिकामा. गाडीत झोपून जाणारा माणूस जागा होतो आणि आपलं ठेसन मागे गेलेलं बघतो, तसा तो उभा राहिला. पावसाळ्यापासून ज्या एका गोष्टीची त्यानं वाट बघितली, ती त्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती.

"चहा घ्या," कसंबसं तो म्हणाला.

"चहा नको. गाडीची वेळ झाली," गोमा म्हणाला. "कळवतो आमी."

पदूनं मान हलवली. कळवतो म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं. मैना पडद्याकडे बघत होती, जिथे लाल गोली अजून आपल्या जाळीपुढे उभा होता.

"हाच का तो भिसेगावचा?" येसूबाईनं विचारलं. गोमानं हुंकार दिला. ती पदूकडे वळली. "काय रं, मला जितवायला घातलास काय? म्हातारी हाय म्हनून?"

"नाय, मावशी."

"मग मागं कशाला मारलास?"

पदूला खोटं सुचत नसे. त्याला वेळही लागला नाही. "त्याला एकदापन मिळाला नव्हता. समद्यांचं झालं, तोच ऱ्हायला व्हता. सारखा उभा. म्हटलं, त्याला पन देऊ."

"टीव्हीतली मानसं ती," गोमा म्हणाला. त्याला आता हसावं की रागवावं ते कळेना. "त्यांना काय कळतंय?"

"नसंल कळत," पदू म्हणाला. "पन माज्या बाजूची हायेत ना."

गोमानं पाटी उचलली. "चल गं, मैना. चल, बाय." आणि तो चालायला लागला.

येसूबाई उठली नाही. तिनं आपल्या दुखऱ्या पायांकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"गोमा, थांब जरा."

गोमा थांबला. बहिणीनं त्याला थांब म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं.

"माजं कपाळ पुसलं आन मी तुज्या घरी आले," येसूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. सुकटीचा भाव विचारावा तशी ती बोलत होती. "तुजी बायको गेली तवा ही पोर रांगत व्हती. तवापासनं तुजं दार मी राखलं. तुमी लग्नांना गेलात, शेतावर गेलात, जत्रेला गेलात. घरी कोन? तर येसू. ह्या जत्रेला मी यंदा आले, ती पन पोरगा बघायला दोन डोळं जास्ती पायजेत म्हनून. मला कोनी कदी काय दिलं, आठवून सांग बघू."

"खायला-ल्यायला कमी केलं का मी, बाय?"

"खायला दिलंस. नाय कुठं म्हनते मी?" ती जरा थांबली. "पन मागं वळून बघितलं का कोनी? बाय, तुजं काय, असं इचारलं का एकदा तरी?"

गोमाच्या हातातली पाटी खाली आली. आजूबाजूला मासळीवाले ओरडत होते, जनरेटर धडधडत होता. पदूला वाटलं, आपण इथून निघून जावं. पण त्याचे पाय हलले नाहीत. त्याला येसूबाईचं फार वाईट वाटत होतं, आणि आपल्या लग्नाचं काय होणार हे त्या घटकेला तो खरोखर विसरला होता.

"ह्या येड्यानं पडद्यातल्या मानसाकडं वळून बघितलं," येसूबाई म्हणाली. "पोरगी अशा घरी दे, बाबा. हिला मी वाढवलीय. हिला माज्यावानी दारात उभी नको करू."

मैना पुढे झाली. तिनं फळीवरचा पिवळा टॉवेल काढला. ऊन काचेवर आलं आणि सगळं हिरवं मैदान एकदम दिसेनासं झालं. तिनं टॉवेलाची नीट घडी घातली आणि पदूच्या हातात दिली.

"आबा," ती म्हणाली, "लावणीत मी ह्यांची पात घेतली व्हती. माजी ऱ्हायली असती तर ह्यांनी पन घेतली असती. माजं मन हाय."

गोमाची नजर खाली गेली. बहिणीचे तळपाय त्यानं आज बघितले. टाचांना भेगा होत्या, कापणी झालेल्या खाचरासारख्या. मग तो बाकड्यावर तिच्या शेजारी बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून पदूला म्हणाला, "चहा सांग."

पदू समोरच्या चहावाल्याकडे पळाला. वाटेत कंदिलांचं दुकान होतं, पाळणा होता, एका पाटीत चमचमणारी मांदेली होती. तो कुठेही थांबला नाही. तसाच सरळ परत आला. मागोमाग चहावाल्याचा पोऱ्या किटली आणि कप घेऊन आला.

पहिला कप गोमाच्या हातात आला. पाहुण्याचा मान म्हणून तो त्याचाच होता. गोमानं तो तोंडाला लावला नाही. तो वळला आणि दोन्ही हातांनी कप बहिणीपुढे धरला.

"बाय, घे."

येसूबाईनं कप घेतला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. चहा निवायला आला तरी बघत होती. मैनानं पदराचं टोक तोंडाशी धरलं. पदू तिथेच उभा होता, आणि मनानंही तो दुसरीकडे कुठे नव्हता.

"साखर जास्ती हाय," येसूबाई म्हणाली, आणि थेंबभरही न ठेवता प्याली.